खाकी कव्हराची वही

खुशालसर वर्गात आले की आधी खडू टेबलावर ठेवत, मग काखेतली वही काढत. वहीला खाकी कागदाचं कव्हर होतं आणि तिच्या कडा हाताच्या घामानं काळ्या पडल्या होत्या. ती वही टेबलावर उघडी अशी कधी पडली नाही. पत्ते खेळणारा आपली पानं धरतो तशी सर ती छातीशी तिरकी धरत आणि म्हणत, ‘रायंडी.’ रायंडी म्हणजे लिहा. मग तास संपेपर्यंत सर सांगत आणि पोरं लिहीत. सतरा वर्षं हेच चाललं होतं. पोरांनी पाठीमागं त्यांना ‘रायंडीसार’ असं नाव पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटण्यासारखी गोष्ट वहीच्या आत होती.

आदिलाबादच्या त्या खाजगी डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र तेलुगूत शिकवलं जाई. सरांच्या वहीतही तेलुगूच होतं, पण लिहिलेलं होतं आपल्या मराठीच्या अक्षरांत. खुशालसरांना तेलुगू वाचता येत नव्हतं.

आता असं कसं, म्हणून कुणी विचारील. बोलायला म्हणाल तर बाजारातल्या हमालापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत कुणाशीही ते असं तेलुगू बोलत, की ऐकणाऱ्याला हा माणूस वरंगलकडचा वाटावा. पण ते सगळं कानानं शिकलेलं. वडील भिवाजी तामसीजवळच्या गावात दुसऱ्याच्या शेतात राबायचे. खुशाल दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला, पुढं आदिलाबादेत इंग्रजीशी झटापट करत बी. ए. झाला आणि मग नांदेडला राहून एम. ए. गावच्या बौद्धवाड्यातला तो पहिला एम. ए. सत्त्याऐंशी साल उजाडायच्या आत या कॉलेजात जागा निघाली. मुलाखत तेलुगूत झाली. तेलुगू मीडियमच्या पोरांना शिकवाल का, असं विचारलं आणि खुशाल छाती काढून म्हणाला, नक्की शिकवीन. वाचता येतं का, हे कुणी विचारलंच नाही. एम. ए. झालेल्या माणसाला असं कोण विचारतं?

निवृत्त होणारे जुने सर भले माणूस होते. नव्या पोराला मदत म्हणून दोन महिने रोज संध्याकाळी त्यांनी आपल्या नोट्स मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि खुशालनं ते तेलुगू ऐकत ऐकत देवनागरीत उतरवून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात पहिलीचं तेलुगू पुस्तक आणायचं आणि नीट वाचायला शिकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं, खोटं नाही. पण पहिल्या उन्हाळ्यात लग्न झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात गावच्या विहारात त्याचा एम. ए.च्या गाऊनातला फोटो लागला, हार पडला, आणि बायाबापड्या आपल्या लेकरांना हात धरून त्या फोटोपुढं आणायला लागल्या. अशा माणसानं ‘अ आ इ ई’ गिरवायला बसायचं कसं? पुढं धाकटी लेक तेलुगू शाळेत जायला लागली, तेव्हा एकदा तिचं पुस्तक उघडून ते बसले होते. सगळी अक्षरं त्यांना एकाच आईची लेकरं वाटायची, कोण कुठलं ते ओळखू यायचं नाही. छापील ओळ बोट ठेवत ठेवत कशीबशी लागायला लागली होती, तेवढ्यात लेक आली आणि ‘बाबा, काय करून राह्यले?’ म्हणाली. ‘तुझं पुस्तक फाटलं का ते पाहून राह्यलो,’ असं सांगून त्यांनी ते मिटलं. ते पुन्हा उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सरांची मूठ इतकी वर्षं झाकलेली होती, की ती उघडायची कशी हेच बोटं विसरून गेली होती.

एक झाकायचं म्हटलं की त्यावर दहा पांघरुणं घालावी लागतात. विद्यापीठाचे पेपर तपासायला बोलावणं आलं की सर डोळ्यांचं कारण सांगत. कॉलेजच्या चाचणीचे पेपर मात्र टाळता येत नसत. मग सर पानं मोजत. समास सोडलाय का, ओळीखाली रेघ मारलीय का, अक्षर टपोरं आहे का, हे बघत आणि मार्क देत. ज्याचं अक्षर चांगलं तो हुशार. कधी एखादा पोरगा ‘सर, माझं उत्तर बरोबर असून मार्क कमी काऊन?’ म्हणून यायचा, त्याला दोन मार्क वाढवून मिळायचे. त्यावरून सर दयाळू आहेत असं नाव झालं. असल्या नावानं सरांना त्या रात्री भाकर गोड लागायची नाही. पण सकाळी वही काखेत मारून ते पुन्हा निघायचे.

दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला. पाचातले तीन भाग नवे आले. ऑफिसच्या क्लार्कनं नोटिशीच्या रजिस्टरात ते हातानं लिहून अटेंडरच्या हाती फिरवलं. छापील तेलुगू सरांना बोट ठेवून निम्मं तरी लागायचं. हातानं लिहिलेलं म्हणजे नुसत्या मुंग्या. नेहमीप्रमाणं त्यांनी डोळे फिरवले, मान हलवली आणि सही ठोकली. डिसेंबरात स्टाफरूममध्ये चहा पिताना कुणीतरी म्हणालं की तुमच्याकडंही बरंच बदललंय म्हणे. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली, की नावं बदलली असतील, आत माल तोच असेल. खरं म्हणजे त्यांना कळलं होतं. नवा अभ्यासक्रम म्हणजे नवी वही, आणि नवी वही कुणाच्या तोंडून उतरवून घ्यायची? जुने सर वारून आठ वर्षं झाली होती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या वर्गात सत्तावीस पोरं होती. त्यांतली अकरा तामसी, जैनथ, बेला या बाजूची मराठी. त्यांत एक रुख्मिणी. ती सरांच्याच गावची, चंपाबाई आणि दौलत यांची मुलगी. चंपाबाई आणि सरांची आई एका ओळीत बसून कापूस वेचायच्या. खुशाल लहान होता तेव्हा चंपाबाईनं त्याला ‘खुशाल्या’ म्हणून हाक मारून आपल्या फडक्यातली भाकर दिली होती. आता ती त्याला ‘सर, तुमी’ म्हणत असे. रुख्मिणी रोज पहाटेच्या बसनं यायची. पहिल्या बाकावर बसायची आणि सरांच्या तोंडून पडलेला शब्द न् शब्द टिपून घ्यायची. अक्षर तिचं छापल्यासारखं होतं, म्हणून चाचणीत तिला सगळ्यांत जास्त मार्क पडायचे.

जानेवारीत एक दिवस तास संपल्यावर ती वऱ्हांड्यात सरांच्या मागं आली. हातात मैत्रिणीकडून मागून आणलेलं नवं गाइड होतं. यात आपल्याला न शिकवलेले धडे आहेत, असं तिनं भीत भीत सांगितलं. सरांनी गाइड हातात घेतलं. पानं उलटली. पोरगी समोर उभी असताना बोट ठेवून अक्षरं लावत बसणं शक्य नव्हतं. त्यांनी एका पानावर हात ठेवला, ‘हे आपलं झालंय’ म्हणून सांगितलं, आणखी दोन पानं उलटली आणि पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. गाइडं वाचून कुणी शहाणं होत नसतं, मी सांगतो तेवढं लिही, असं जरा आवाज चढवूनच म्हणाले. रुख्मिणीनं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं आणि ‘जी सर’ म्हणून ती निघून गेली. सरांना घाम फुटला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

फेब्रुवारीत कॉलेजात धावपळ सुरू झाली. तपासणीला कमिटी येणार होती. विद्यार्थ्यांना इथलं शिक्षण कसं वाटतं, ते समाधानी आहेत का, हे लेखी घेऊन ठेवायचं होतं. तेलुगूत छापलेले फॉर्म आले. एका बाजूला दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढं चार घरं. ‘चाला बागुंदी’ म्हणजे फार छान, ‘बागुंदी’ म्हणजे छान, ‘परवालेदु’ म्हणजे ठीक, आणि शेवटी ‘बागालेदु’ म्हणजे चांगलं नाही. फॉर्म भरून दिल्याशिवाय परीक्षेचं हॉलतिकीट मिळणार नाही, अशी ऑफिसनं मेख मारून ठेवली. सरांनी आपल्या वर्गाचे फॉर्म वाटले, गोळा केले. प्रश्न काय होते, ते त्यांनी वाचले नव्हते.

सत्तावीसच्या सत्तावीस फॉर्मांवर सगळ्या खुणा पहिल्याच घरात होत्या. तेलुगू पोरांनी हॉलतिकिटाच्या भीतीनं केलं असेल, हे सरांना कळत होतं. पण मराठी पोरांच्या फॉर्मांवर खाली मोकळ्या जागेत चारदोन ओळी मराठीतही लिहिलेल्या होत्या, आणि त्या त्यांना वाचता आल्या. ‘सर आमच्याकडचे आहेत.’ ‘सरांना पाहून आमच्या बापाला हिंमत आली.’ रुख्मिणीनं लिहिलं होतं, ‘सर आमच्या गावचे आहेत याचा आम्हाला अभिमान आहे.’ शिकवण्याबद्दल एकाही पोरानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. सरांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी ते लक्षात येऊ दिलं नाही. घरी जाऊन बायकोला, द्वारकाबाईंना, त्यांनी त्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या, आणि द्वारकाबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

मार्चमध्ये पेपर झाला. आठ प्रश्नांतले दोन वहीतले होते. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा सत्तावीसांतली चार पोरं पास होती. रुख्मिणी बाकीच्या सगळ्या विषयांत पास आणि सरांच्या विषयात नापास झाली होती.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी चंपाबाई तिला घेऊन सरांच्या घरी आली. येताना कैरीच्या लोणच्याची बरणी आणली होती. सरांना वाटलं, आता ही बाई जाब विचारणार, आणि त्यांनी तशी मनाची तयारीही केली होती. चंपाबाई जमिनीवरच बसली, खुर्चीवर बसा म्हटलं तरी ऐकेना. पदर सावरला आणि पोरीला म्हणाली, ‘धर सरचे पाय. सांग, चूक झाली म्हनून.’

रुख्मिणी वाकली. सर दोन पावलं मागं सरले.

‘पोरीनं तुमचं नाव खराब केलं, सर,’ चंपाबाई म्हणाली. ‘साऱ्या इषयांत पास आन् आपल्या सरच्याच इषयात नापास. कोन्या तोंडानं येऊ मी विहारात? तुमी तर सारं शिकवलं. हिच्याच डोक्यात भरलं नाई.’

मग तिनं दुसरंही सांगितलं. किनवटकडचं एक स्थळ आलं होतं. पोरगी पास झाली असती तर दौलत वर्षभर थांबला असता. आता तो म्हणतो की जिच्या डोक्यात नाही तिला कशाला रोज बसचे धक्के खायला लावायचे. दोन महिन्यांत उरकून टाकू. चंपाबाईनं हे रडत सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. गावातली पहिली बी. ए. झालेली पोरगी आपल्या घरची असेल, एवढीच तिची आस होती आणि ती संपली असं तिनं धरलं होतं.

सर रुख्मिणीकडं पाहत होते. ती खाली पाहत होती. जानेवारीतल्या त्या गाइडाबद्दल आता ही बोलेल, असं त्यांना वाटत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं, सुटलो असतो. पण तिनं तोंड उघडलं नाही. आईच्या शिव्या खाल्ल्या, सरांचे पाय धरायला वाकली, पण सरांचं नाव सांभाळलं. आणि सर काय म्हणाले? पेपर जरा अवघड होता म्हणाले. बघू म्हणाले. एम. ए. झालेला, सतरा वर्षं पगार घेणारा, हार घातलेल्या फोटोतला माणूस दोन बायकांसमोर एवढंच बोलला. त्या गेल्यावर लोणच्याची बरणी टेबलावर तशीच राहिली. द्वारकाबाईंनी ताटात वाढलं, पण सरांनी ते ताटाच्या कडेलाच ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

कॉलेज उघडल्यावर प्रिन्सिपलनी बोलावलं. टेबलावर एका बाजूला निकाल, दुसऱ्या बाजूला फॉर्मांचा गठ्ठा, आणि मध्ये नोटिशीचं रजिस्टर. ते उघडून त्यांनी सरांपुढं सरकवलं. मुंग्यांच्या ओळींखाली देवनागरीतली ऐटदार सही होती, खुशाल भिवाजी. सरांनी मान खाली घातली. आता नोकरी गेली असं त्यांना वाटलं. पण प्रिन्सिपल व्यवहारी माणूस होते. हेडिंग तरी वाचायचं होतं, एवढंच म्हणाले. मग फॉर्मांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून त्यांनी समजावलं, की कमिटी खूश होऊन गेलीय, तुमचे विद्यार्थी शंभर टक्के समाधानी आहेत, कागदावर आहे. पालक आले तर सांगा पेपर कठीण निघाला आणि पोरांनी अभ्यास केला नाही. पुढच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमानं शिकवा म्हणजे झालं.

सुटका झाली होती. ज्यांचं वाटोळं झालं त्यांच्याच खुणांनी झाली होती. सरांना हसावं की रडावं कळेना. मला हे फॉर्म एकदा बघायचेत, असं सांगून तो गठ्ठा त्यांनी मागून घेतला आणि सायकलला लावून घरी आणला.

आषाढी पौर्णिमेला गावच्या विहारात वर्षावास सुरू होतो. पुढं तीन महिने रोज संध्याकाळी कुणीतरी ग्रंथ वाचतो आणि सगळे ऐकतात. पहिल्या दिवशी, वाचन सुरू व्हायच्या आधी, त्या वर्षी पास झालेल्या पोरांची नावं पुकारतात आणि प्रत्येकाला एक पेन देतात. पेन सरांच्या हस्ते द्यायचे, हे पंधरा वर्षांपासून ठरलेलं. विहाराचं बघणारे म्हातारे बापूजी स्वतः बसस्टॉपवर घ्यायला आले. ‘जय भीम सर’ म्हणत त्यांनी सरांची पिशवी हातातून काढून घेतली. पिशवीत खाकी वही होती.

दोघं दहावी पास, एक इंटर म्हणजे बारावी पास. तीन पेनं देऊन झाली. रुख्मिणी दाराजवळ बायकांत बसली होती. चंपाबाई तिच्यापासून जरा लांब, दुसऱ्या बायकांच्या आड बसली होती, ते सरांना दिसलं. समोरच्या भिंतीवर त्यांचा स्वतःचा फोटो होता. बापूजी म्हणाले, आता सरांनी दोन शब्द सांगावेत.

सर उभे राहिले. नेहमीचं भाषण त्यांना झोपेतही आलं असतं. शिका, वाघिणीचं दूध, आईबापांचे कष्ट. त्यातलं काही त्यांनी म्हटलं नाही.

‘रुख्मिणी नापास झाली नाई,’ ते म्हणाले. ‘मी नापास झालो. धडे बदलले होते. मी जुनेच शिकवले. नोटीस आली होती, मी सही केली, पन वाचली नाई. मले तेलुगू वाचताच येत नाई. सतरा वर्षं झाले, मी तुमाले आन् साऱ्याइले फसवून राह्यलो.’

 सरांना वाटलं, आता कुणीतरी उठेल, शिवी देईल, निदान तो फोटो तरी उतरवा म्हणेल. बापूजी हळूच उठले. त्यांचे डोळे भरले होते. ते लोकांकडं वळून म्हणाले, ‘पाहा. मोठा मानूस असा राह्यते. गावच्या पोरीची लाज झाकाले सारं सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यले.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरांची कानशिलं तापली. खोटं सतरा वर्षं खपलं आणि खरं सांगितलं तर तेही खपेना. त्यांनी पिशवीतून वही काढली, उघडली आणि बापूजींच्या हातात दिली. हे बघा, म्हणाले, मी हे वाचून शिकवतो. बापूजींनी चष्मा लावला. आपली ओळखीची अक्षरं दिसली म्हणून त्यांनी मोठ्यानं दोन ओळी वाचल्या आणि त्यांच्या तोंडून चक्क तेलुगू बाहेर पडलं. म्हातारा हरखून गेला. आपल्या अक्षरात तेलुगू, केवढं डोकं म्हणायचं, असं म्हणत त्यांनी ती वही शेजाऱ्याला दाखवली, त्यानं पुढच्याला. वही विहारभर हातोहात फिरली, लोक तिला कपाळाला लावून पुढं देत होते. सर मध्ये उभे होते. इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. शिव्या मिळाल्या असत्या तर त्या घेऊन घरी तरी जाता आलं असतं.

ग्रंथवाचन सुरू झाल्यावर ते बाहेर येऊन पायरीवर चपला शोधत होते. मागून दौलत आला. हा माणूस बोलायला कमी. त्यानं टाळ्या वाजवल्या नव्हत्या, ते सरांनी पाहिलं होतं.

‘खरं सांगतलं का तुमी?’ दौलतनं विचारलं.

‘खरं.’

‘म्हंजे माही पोरगी ढ नाई?’

‘नाई. वर्गात सगळ्याइत हुशार तेच हाय.’

 दौलत म्हणाला, ‘आठ रोज झाले, तिची माय तिच्यासंगं बोलली नाई. मीबी लय बोललो तिले.’  परीक्षा पुन्हा कधी आहे, हे त्यानं विचारलं. सरांनी ऑक्टोबर सांगितलं. तोवर किनवटवाल्यांना थांबवतो, म्हणाला आणि वळून आत गेला. जाताना त्यानं जय भीम घातला नाही. त्या संध्याकाळी सरांचं खरं बोलणं खरं धरणारा तेवढा एकच माणूस भेटला. तो जय भीम न घालता गेला, हे सरांना लागलं आणि बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी रुख्मिणी सरांच्या घरी आली. त्यांनीच निरोप धाडला होता. तिच्या हातात तेच गाइड होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. सरांनी फॉर्मांच्या गठ्ठ्यातून तिचा फॉर्म काढला आणि तिच्यापुढं ठेवला. यातले प्रश्न मी अजून वाचलेले नाहीत, म्हणाले, तू वाचून दाखव. तिनं एकेक प्रश्न तेलुगूत वाचला आणि मराठीत सांगितला. अभ्यासक्रम वेळेवर पूर्ण होतो का. शिकवलेलं समजतं का. शंका विचारू देतात का. एकूण शिक्षणानं तुम्ही समाधानी आहात का. प्रत्येकापुढं तिची स्वतःची नाजूक खूण पहिल्या घरात होती. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

‘तू गाइड घेऊन आली होती ना,’ सर म्हणाले, ‘तवा मी तुले काय शिकवलं नाई ते माईत असून हे काऊन लिवलं?’

‘मले त्या दिवशी तेबी माईत झालं, सर.’

‘काय?’

‘तुमाले वाचता येत नाई ते.’ तिनं गाइडाची शेवटची पानं उघडली. ‘हे आपलं झालंय म्हनून तुमी या पानावर हात ठेवला होता. हे त्याइच्या दुसऱ्या पुस्तकाइची यादी हाय. कोन्तं पुस्तक केवढ्याले, ते लिवलं हाय.’

सरांनी ते पान पाहिलं. रकाने होते, आकडे होते. आकडे तर त्यांनाही वाचता येत होते. त्या दिवशी घाबरून तेवढेही पाहिले नव्हते. सहा महिने या पोरीला माहीत होतं. आईनं सरांचे पाय धर म्हटलं, तेव्हाही माहीत होतं.

‘मंग सांगतलं काऊन नाई तू? कोनाले तरी?’

रुख्मिणीनं गाइड मिटलं. ‘विहारात तुमचा फोटो हाय, सर,’ ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून द्वारकाबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.  सरांनी खाकी वहीचं मागचं कोरं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म तिच्याकडं सरकवला. यातला शेवटच्या घराचा शब्द कोणता, तो दाखव म्हणाले. तिनं ‘बागालेदु’च्या खाली बोट ठेवलं. सरांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि मग ते वहीत काढायला घेतलं. सतरा वर्षांत त्यांनी तेलुगूत लिहिलेला तो पहिला शब्द होता. शेवटचं अक्षर उलटं वळलं. रुख्मिणीनं ते खोडायला लावलं आणि पुन्हा लिहा म्हणून सांगितलं.